खाडा

गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत मला चिठ्ठीत 'विरोधात' आलं. विषय होता, 'गर्भवती आणि नवमातांना सरकारने रोख मदत देणे योग्य आहे.' त्या दिवशी जे हजर होते त्यांना कदाचित आठवत असेल, मी बऱ्यापैकी बोललो होतो. मूल होऊ देणं हा नवरा-बायकोचा खाजगी निर्णय, मग त्याचा खर्च ज्याला मूल नाही त्याच्या करातून का? पैसे बाईच्या नावावर जमा झाले तरी शेवटी कोणाच्या खिशात जातात? त्यापेक्षा दवाखाने सुधारा. असं सगळं. टाळ्या पडल्या त्या मात्र एका वेगळ्याच वाक्याला. मी म्हणालो, "सरकारला आपण मायबाप म्हणतो इथपर्यंत ठीक, पण त्याने आजोळसुद्धा व्हावं ही अपेक्षा जरा जास्त नाही का?" सभागृह हसलं. दुसरा नंबर आला.

'रेवडी' हा शब्दही मी तीन-चारदा वापरला. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'वर भाषण केल्यापासून तो शब्द प्रत्येक वक्त्याच्या खिशात असतोच. गंमत अशी की हिंदीत रेवडी वाटतात आणि मराठीत उडवतात. वाटणाऱ्यांवर बोलतो आहे असं समजून मी घेणाऱ्यांचीच रेवडी उडवून आलो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आपण इंदूरची माणसं, दोन भाषांच्या मध्ये उभं राहिलं की असं होतं कधीकधी.

आमच्याकडे भांडी आणि झाडूपोछ्याला एक ताई येते. खरगोनकडची आहे, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी. तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं तर "रहने दो भैया" म्हणाली. पाच वर्षं आमच्याकडे येते आहे आणि एवढ्या काळात एकच मराठी शब्द पक्का शिकली आहे, तो म्हणजे 'खाडा'.

तो शिकण्याचं कारण आमच्या ओट्याशेजारी टांगलेलं कालनिर्णय. त्यावर दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला ती तारीख आणि ताईचे खाडे. महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पगारातून कापायचे, हा आईचा नियम. लिहायचं काम दहावीपासून माझ्याकडे. आला नाही दिवस की त्या चौकोनात फुली. मी हे इतकी वर्षं करतो आहे की त्यात कधी काही वाटलं नाही. दुधाचा अर्धा लिटर लिहावा तसं.

स्पर्धेनंतर आठवडाभराने ताईने भांडी आटोपून हात पदराला पुसले आणि एक प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे ठेवली. "भैया, आप तो कॉलेज में पढ़ते हो, ये देखना तो." पिशवीत आधार कार्ड, समग्र आयडीचा कागद, बँकेचं पासबुक आणि पहिल्या मुलीच्या वेळचं जच्चा-बच्चा कार्ड. पाचवा महिना चालू होता. शेजारच्या बाईने तिला सांगितलं होतं की बाळंतपणाचे पैसे मिळतात, मोबाइलवर फॉर्म भरता येतो. मी मनात म्हटलं, घ्या, विषय घरीच आला. पण बक्षिसाचं सर्टिफिकेट अजून टेबलावर पडलेलं होतं आणि ते मी, का कोण जाणे, वहीखाली सरकवलं.

फॉर्मपेक्षा आधी अंगणवाडीत विचारावं म्हणून शनिवारी तिच्याबरोबर गेलो. एक खोली, भिंतीवर फळं-भाज्यांचे तक्ते, कोपऱ्यात बाळांना झोळीत घालून वजन करायचा काटा, आणि सात-आठ बायका. पुरुष मी एकटा. कार्यकर्त्या बाईंनी रजिस्टरमधून डोकं वर करून विचारलं, "आप पति हैं?" मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "नहीं, इनके यहाँ बरतन करती हूँ." सगळ्या हसल्या. मला पेढीवर बसवावं तसं एका छोट्या लाल खुर्चीवर बसवलं, बालवाडीच्या. गुडघे हनुवटीला लागत होते.

बाईंनी कार्ड पाहिलं, पहिली मुलगी आहे ना, असं विचारलं, आणि रजिस्टर मिटलं. म्हणाल्या, "दूसरा है. अभी कुछ नहीं होगा. लड़की हुई तो आ जाना, भर देंगे. लड़का हुआ तो मत आना." त्यांनी हे काही तुसडेपणाने सांगितलं नाही. चहा घेता का, असंही विचारलं. नियम तसाच आहे.

परत येताना मी तो नियम दोन-तीनदा मनात फिरवून पाहिला. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्याला 5,000 रुपये. एप्रिल 2022 पासूनच्या बदललेल्या नियमांत हे दोन हप्त्यांत येतात, गर्भारपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर 3,000, बाळाची जन्मनोंदणी आणि पहिल्या लसी झाल्यावर 2,000. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6,000, एकदम, जन्मानंतर. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू चांगलाच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पोटात काय आहे हे विचारणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणजे पाचव्या महिन्यात कंबर धरून उभ्या असलेल्या बाईला सरकार सांगतं, कोण येतं ते बघू, मग तुझं ठरवू. तोवर भांडी घासत राहा. तिची पाठ आज दुखते आहे, आणि पैसे मिळाले तरी ते डिसेंबरात.

तेव्हा पहिल्यांदा वाटलं, माझ्या भाषणात मी एक प्रश्न विचारलाच नव्हता. हे पैसे नेमके कशाचे आहेत?

घरी येऊन वाचायला बसलो. स्पर्धेच्या आधी बसायला हवं होतं. या सगळ्यात आपलं इंदूर फार आधीपासून आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. 2010 मध्ये केंद्राने इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना देशातल्या पन्नासेक जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू केली. मध्य प्रदेशातून त्यात दोन जिल्हे होते, छिंदवाडा आणि इंदूर. तेव्हा 4,000 रुपये मिळत. मग 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्यात प्रत्येक गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान 6,000 रुपयांचा हक्क लिहिला आहे. सरकारी नोकरीत असलेल्या आणि इतर कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायका वगळून, पण पहिलं-दुसरं अशी अट त्या कलमात नाही. 2017 मध्ये मातृ वंदना आली तेव्हा 6,000 चे 5,000 झाले, उरलेला हजार जननी सुरक्षा योजनेतून धरला गेला, आणि प्रत्येक मातेच्या जागी पहिल्या अपत्याची माता आली. फेब्रुवारी 2020 मध्ये या योजनेच्या अंमलबजावणीसाठी राज्यांत मध्य प्रदेशाला आणि जिल्ह्यांत इंदूरला पहिला पुरस्कार मिळाला. स्वच्छतेचे पुरस्कार आपल्याला तोंडपाठ असतात, हा कोणाला आठवत नाही. मलाही नव्हता.

या योजनेचा धागा मागे ओढत गेलं की तो जिथे पोचतो ते ठिकाण आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. महूला जन्मलेले बाबासाहेब आंबेडकर 1928 मध्ये मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते आणि गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि त्या काळातले पैसे मिळावेत या विधेयकावर ते जुलै 1928 मध्ये बोलले. विरोधकांचं म्हणणं आजच्यासारखंच होतं. मालकावर बोजा पडेल, मग ते बायकांना कामावरच घेणार नाहीत. बाबासाहेबांच्या उत्तराचा गाभा माझ्या शब्दांत सांगायचा तर असा: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात देशाचंच हित आहे. म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे. पण त्या बाईच्या श्रमांतून मालकालाही फायदा मिळतो, तेव्हा त्यालाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. दर 14 एप्रिलला महूकडे जाणाऱ्या गर्दीने रस्ता भरतो, एकदा मीही गेलो आहे, फोटो काढले आहेत. हे भाषण मात्र मला विरोधी बाजूने बोलून झाल्यावर सापडलं.

वाचताना मी 'मालक' या शब्दावर अडकलो. ताईचा मालक कोण? ती चार घरी काम करते. महिन्याला सगळे मिळून नऊ-साडेनऊ हजार, त्यातले अडीच हजार आमचे. 1961 चा मातृत्व लाभ कायदा, ज्यात 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आली, तो कारखान्यांना आणि दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना तेव्हा लागू होता. आमचं घर आस्थापना नाही. आमच्याकडे एकच बाई आहे. चार घरं मिळून तिला एकही मालक नाही. आपल्या राज्यात असंघटित कामगार बायकांसाठी 2018 पासून 16,000 रुपयांची प्रसूती सहायता आहे, पण त्याला संबलमध्ये नोंद लागते आणि तिची नव्हती. कधी कोणी सांगितलंच नाही म्हणाली. आम्हीही नाही.

आणि आमच्याच घरात, त्याच वर्षी, आणखी एक बाळंतपण होऊन गेलं होतं. वहिनी सरकारी बँकेत आहे. सहा महिने पूर्ण पगारी रजा. आकडा लिहिला तर ती रागावेल, एवढंच सांगतो की ताईला तो मिळवायला काही वर्षं लागतील. तो पैसाही शेवटी कुठून तरी जनतेच्याच खात्यातून येतो. पण वहिनीला कोणी विचारलं नाही, हे योग्य आहे का? तिच्यावर कोणी वादविवाद स्पर्धा ठेवली नाही. कोणी म्हणालं नाही की पैसे दादा उडवेल. बाबा तर सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, बघा, सरकारी नोकरीचा हा फायदा. एकीचं नाव रजा, दुसरीचं नाव रेवडी. ज्या दिवसांत बाईला काम करता येत नाही, किंवा करू नये, त्या दिवसांची मजुरी, यापलीकडे दोन्हींत काय फरक आहे? मला तरी सापडला नाही. फरक असलाच तर एवढाच की वहिनी नसताना तिच्या बँकेने तिची खुर्ची ठेवली.

बाबांशी बोललो तर ते म्हणाले, "अरे पण पैसे दिले की लोकसंख्या वाढते." हा मुद्दा मीही मांडला होता, म्हणून नीट शोधला. ऑस्ट्रेलियाची गोष्ट मजेशीर आहे. तिथल्या सरकारने 2004 च्या मे महिन्यात जाहीर केलं की 1 जुलैपासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळामागे 3,000 डॉलर देऊ. झालं काय, तर जूनअखेरच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया लोकांनी पुढे ढकलल्या आणि 1 जुलैला तिथे तीस वर्षांतली एका दिवसातली सर्वांत जास्त बाळं जन्मली. म्हणजे पैशाने माणसं तारीख हलवतात, हे खरं. पण ते 3,000 डॉलर होते. 5,000 रुपयांसाठी कोणी मूल जन्माला घालत असेल तर त्याने आधी डायपरचा भाव विचारावा. शिवाय दुसऱ्या मुलग्याला शून्य आणि तिसऱ्याला तर काहीच नाही, अशी योजना लोकसंख्या वाढवते हे म्हणायला धाडस लागतं.

पैशाने काय होऊ शकतं याचं जवळचं उदाहरण मध्य प्रदेशच आहे. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातली शंभरातली फक्त 26 बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या सर्वेक्षणात 91. मधल्या काळात जननी सुरक्षा योजना आली, जी सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला गावात 1,400 आणि शहरात 1,000 रुपये देते. श्रेय एकट्या पैशाला नाही, आशा कार्यकर्त्या घरोघरी फिरल्या, जननी एक्सप्रेसच्या गाड्या आल्या. पण पैसे होते म्हणून सासू 'चल' म्हणाली, अशीही घरं असतीलच. आता उलट बाजू. 2018-20 मध्ये दर लाख जन्मांमागे देशात 97 आया दगावल्या आणि मध्य प्रदेशात 173. दवाखान्यापर्यंत पोचवून काम संपत नाही. तेव्हा 'त्यापेक्षा दवाखाने सुधारा' हे माझं वाक्य चूक नव्हतं. चूक होता तो 'त्यापेक्षा' हा शब्द.

तमिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डींच्या नावाच्या योजनेत पोषणाच्या वस्तू धरून 18,000 रुपयांची मदत मिळते, आणि ती पहिल्या दोन बाळंतपणांना. फिनलंडने 1938 मध्ये गरीब आयांना बाळाच्या कपड्यांची पेटी किंवा पैसे द्यायला सुरुवात केली आणि 1949 पासून ती सगळ्यांनाच दिली, श्रीमंतांनाही. अट एकच, चौथा महिना संपायच्या आत तपासणी. ही 'सगळ्यांना' वाली गोष्ट मला पटते. सगळ्यांना मिळतं त्याची कोणी रेवडी उडवत नाही.

पण खरी अडचण आकड्यांची नव्हती. ती स्वयंपाकघरात होती.

ऑक्टोबरात मी आईला म्हटलं की ताई डिसेंबरात थांबेल तेव्हा दोन महिन्यांचा पगार आपण चालू ठेवू. आई पोळ्या करत होती. म्हणाली, "आणि बदलीच्या बाईला काय देऊ? दोन पगार कुठून आणू?" हे बरोबरच होतं. बाबा रिटायर झाले आहेत, आमचं घर काही पलासियातला बंगला नाही. मग लाटणं थांबवून ती म्हणाली, "मला कोणी दिलं होतं रे?"

ही गोष्ट मला तुकड्यातुकड्यांत माहीत होती, पूर्ण कधी ऐकली नव्हती. दादाच्या वेळी ती एका खाजगी शाळेत शिकवत होती. सातव्या महिन्यात सुट्टी मागायला गेली तर सांगितलं, आत्ता राजीनामा द्या, पुढच्या जूनमध्ये बघू. जून आला तेव्हा तिच्या जागेवर दुसऱ्या बाई होत्या. आईने परत नोकरी केली नाही. घरी शिकवण्या घेतल्या, पुढे तेही सुटलं. तिने हे सांगताना आवाज चढवला नाही. पोळी उलटली, फुगली, काढली. मला वाटतं, अशा मदतीला विरोध करणारे पुष्कळ लोक माझ्यासारखे मुद्दे घेऊन उभे नसतात. त्यांच्या मनात आईचं हे एकच वाक्य असतं. त्याला खोडायला माझ्याकडे काही नव्हतं, आजही नाही.

आजी बाहेर बसून वाटाणे सोलत होती. नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकते. मी स्पर्धेतलं आजोळाचं वाक्य तिला मोठ्या आवाजात पूर्वीच ऐकवलं होतं, कौतुकाच्या आशेने. ती तेव्हा हसली नव्हती. आता म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी का करतात माहीत आहे? तिथे काम करावं लागत नाही म्हणून. डिंकाचे लाडू काय, सासरीही मिळतात." मग थोडं थांबून, "तुझं ते सरकार पण पहिलंच करतंय ना? दुसऱ्याला आपलं आपण." माझी आत्या म्हणजे आजीचं दुसरं बाळंतपण. ते सासरी झालं, आणि बाराव्या दिवशी ती विहिरीवर पाणी शेंदत होती. हेही तिने वाटाणे सोलता सोलताच सांगितलं.

दोन-तीन दिवस आईने विषय काढला नाही. मग एकदा चहा देताना म्हणाली, "अर्धा पगार देऊ. दोन महिने. तुझ्या शिकवणीच्या पैशातून पाचशे तू घाल." मी हो म्हणालो. बाकीच्या तीन घरांना ताईच्या वतीने विचारून बघावं असं मला फार वाटलं, पण धीर झाला नाही. आपण कोण सांगणार, असं मी स्वतःला सांगितलं. मंचावर चढून अख्ख्या देशाला सांगायला काही वाटलं नव्हतं.

ताई 5 डिसेंबरपर्यंत आली. मी आईला नको म्हणायला लावलं तरी यायची, कारण बाकीच्या घरी जायचंच होतं, आमच्याकडे न येऊन काय होणार? शेवटच्या आठवड्यात खाली बसून भांडी घासता येईना म्हणून ओट्याशी उभी राहायची. 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मुलगा झाला. खर्च काही आला नाही, जननी सुरक्षेचे हजार रुपये मिळाले. तिच्या नवऱ्याने पेढे आणून दिले आणि आजीने विचारलं, मुलगा ना? तो खुशीत म्हणाला, हो. मी हिशेब करत होतो, सहा हजार गेले. हे काय विचार करतोय आपण, असंही वाटलं. बाळ जन्मल्यावर असला विचार मनात यावा, अशी योजना कोणी का आखावी?

ती फेब्रुवारीत परत आली. चारांपैकी दोन घरांनी तोवर दुसरी बाई कायमची ठेवली होती. आता नऊ हजारांचे पाच झाले आहेत. बाळाला सासू सांभाळते, मध्ये एकदा दूध पाजायला ती धावत घरी जाऊन येते. 5,000 मिळाले असते तर ही घरं टिकली असती असं मी म्हणणार नाही. टिकली नसती. रोख मदत खुर्ची राखून ठेवत नाही, ते काम आम्हा चार घरांचं होतं आणि दोघांनी केलं, आमच्यासकट, तेही अर्ध्या पगारात.

एक गोष्ट मात्र त्या प्लास्टिकच्या पिशवीतून निघाली. पहिल्या मुलीच्या वेळी, 2021 मध्ये, जुन्या नियमाने तीन हप्ते होते, 1,000, 2,000, 2,000. पासबुकात दोनच दिसत होते. ती समजून चालली होती की तिसरा 'ऊपरवालों ने' खाल्ला. मीही भाषणात असंच काहीतरी म्हणालो होतो, गळतीबद्दल. पण हे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, पासबुक कुठलं का असेना. मधे कधीतरी मोबाइलचं नवीन सिम घेताना दुकानदाराने तिच्या आधारवर एक खातं उघडून दिलं होतं, तिला न सांगता किंवा घाईत सांगून. आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते तपासलं, तर वेगळंच नाव आलं.

गेल्या मंगळवारी आम्ही कियोस्कवर गेलो. अंगठा लावला, लागेना. भांडी घासून रेषा पुसट झालेल्या. कियोस्कवाल्याला हे रोजचंच असावं, त्याने तिचं बोट ओल्या फडक्याने पुसलं, तर्जनी लावली, मधलं बोट लावलं, मग डाव्या हाताची अनामिका लागली. मशीनमधून चिठ्ठी आली. दोन हजार आणि वर व्याजाचे थोडे. ती मुलगी आता चार वर्षांची झाली आहे, जूनपासून शाळेत जाईल.

ताईने वीस रुपये कियोस्कवाल्याला दिले, उरलेल्या नोटा दोनदा मोजल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवल्या. साडेदहा वाजून गेले होते, आमच्याकडची सकाळची भांडी अजून तशीच पडली होती. रिक्षात बसताना म्हणाली, "भैया, आज का खाडा मत लगाना."